पळसटोल्याच्या भिंतीवर सोडलेली जागा

सुखदेवभाऊ,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मला बोलायला उभं केलं आणि मी खोटं बोलले. शब्दशः खोटं नव्हे. वकिलाला शब्दशः खोटं बोलायची वेळ फार क्वचित येते. खरं ते बाजूला ठेवलं की काम भागतं. माझ्या आधी तुमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी बोलले. म्हणाले, या तालुक्याच्या भिंतींवर सुखदेव पेंटरनं कायदा लिहिला, लोकांना वाचायला लावला. आयुष्यात त्यांच्या हातून एकच तारीख चुकली, ती पळसटोल्याची, पण माणूस मनानं साफ होता. लोकांनी माना हलवल्या. मग मी उठले. तुमच्या अक्षराबद्दल बोलले, तुमच्या अर्धी साखर अर्धा चहा असलेल्या चहाबद्दल बोलले, मध्ये रडलेही, आणि खाली बसले. समोर विमलवहिनी पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. ती तारीख तुमचीच चुकली असं त्यांनाही वाटतं.

ती तारीख माझी होती, भाऊ. तुम्हाला हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुम्ही गेल्यावर हे माहीत असलेली मी एकटीच उरले असं मी त्या दिवशी विहारातून घरी येताना समजत होते. त्या विचारानं मला किती हलकं वाटलं ते सांगायची लाज वाटते. म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

आपली ओळख बोर्डावरून झाली. गोंडपिपरीला तहसीलसमोर मी खोली घेतली होती. सनद नवी, कोट नवा, टेबल तेवढं जुनं. बोर्डाचा मजकूर मी तुम्हाला कागदावर लिहून दिला: नाव, पदव्या, खाली ‘दिवाणी, फौजदारी व महसुली’. तुम्ही तो कागद लांब धरून बराच वेळ पाहिलात.

“बाई, तुमी काय शिकल्या ते समजलं. पन मानूस इथी कायले येईन, ते कुठी लिवलं?”

“महसुली लिहिलंय ना.”

“महसुली म्हनलं त माही बायको म्हनन, तलाठ्याची खोली असन.”

दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला, तेव्हा माझ्या पदव्यांच्या खाली लाल रंगात एक ओळ होती, मी न सांगितलेली: ‘इथे सरकारी कागद वाचून सांगितल्या जाईल.’ मी चिडले. पुसा म्हटलं. तुम्ही म्हणालात, आठ दिवस राहू द्या, नाई पटलं त पुसून देतो. आठ दिवसांत बाहेरचा बाक भरला. लोक पिशवीतून, पेटीतून, छपराच्या वाशातून काढलेले कागद घेऊन येऊ लागले. कुणी ते कागद वर्षानुवर्षं नीट घडी करून ठेवले होते, कारण त्यावर शिक्का होता आणि शिक्क्याचा कागद टाकायचा नसतो एवढं त्यांना माहीत होतं. एका म्हाताऱ्यानं असाच एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात त्याला सुनावणीला बोलावलं होतं. सुनावणी होऊन चार पावसाळे गेले होते. मी वाचून दाखवलं, तो म्हणाला, “मंग आता जाऊ का?” ती ओळ मी पुन्हा कधी पुसायला सांगितली नाही.

भिंतींची कल्पना तुमची. तालुक्यातल्या निम्म्या घरांवर लग्नाची नावं तुम्ही टाकलेली असायची: दारापाशी पिवळ्या पट्टीवर नवरा-नवरीचं नाव, खाली वार आणि तारीख, कोपऱ्यात एक कमळ. लोक ती पट्टी पुढच्या लग्नापर्यंत ठेवतात. तुम्ही म्हणालात, लग्न एका दिवसाचं, तरी त्याची तारीख वर्षभर भितीवर राह्यते; कायदा जन्माचा आहे, तो मात्र कपाटात. पहिली भिंत रेशन दुकानाशेजारची. ‘आज दुकानात कोणता माल आहे ते दुकानदाराने फळ्यावर लिहिलं पाहिजे. नसेल लिहिलं तर विचारा. विचारणं गुन्हा नाही.’ शेवटचं वाक्य कोणत्याच नियमात नव्हतं. मी तसं म्हणाले. तुम्ही म्हणालात, तेच त लोकायले मालूम नाई.

आणि सगळ्यात खाली, बोटभर उंचीच्या अक्षरात: ‘लिहिणार सुखदेव पेंटर, गोंडपिपरी. चूक दिसली तर मला सांगा.’

हे प्रत्येक भिंतीखाली असायचं. मी विचारलं, कशाला? तुम्ही म्हणालात, “सरकारच्या कागदाखाली सही राह्यते, पन कोनाची ते सही करनाऱ्यालेच मालूम. कायद्याखाली मानसाचं नाव पायजे. नाव नाई त जाऊन बोलाचं कोनाले?” मग माझ्याकडे पाहून म्हणालात, तुमचंही टाकू का. मी नको म्हटलं. वकिलाला स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. हे खरं होतं आणि सोयीचंही होतं. माझ्या बोर्डावरची लाल ओळ काय होती, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही नेहमीच मला एवढी वाट ठेवायचात.

आपली पद्धत लोकांना वेडगळ वाटायची. मी कायदा वाचायचा, त्याचं सोपं मराठी करायचं. ते तुम्ही तुमच्या बोलीत पानठेल्यावरच्या कुणालाही सांगायचं. त्यानं ते आपल्याला उलट सांगायचं, त्याच्या शब्दांत. बरोबर आलं तर एक. अशी तीन माणसं झाली की मग ब्रश. तिघांपैकी एक बाई पाहिजे आणि एक शाळेत न गेलेला पाहिजे, हा तुमचा नियम. ‘हितसंबंधित व्यक्ती’ या दोन शब्दांवर आपले पाच दिवस गेले. तुम्ही लिहायला निघालात, ‘ज्याचं नुकसान होते तो’. मी म्हटलं, कायदा तेवढंच म्हणत नाही, ज्याचा फायदा होतो तोही त्यात येतो. तुम्ही म्हणालात, फायदेवाल्याले भित वाचाची गरज नाई, त्याले घरी येऊन सांगतात. कायद्यातल्या ‘परंतु असे की’नं सुरू होणाऱ्या कलमाला परंतुक म्हणतात, हे तुम्हाला कळल्यावर तुम्ही गल्लीतल्या कुत्र्याचं नाव परंतुक ठेवलंत. का, तर ते नेहमी मागून येतं आणि चावतं. परंतुक अजून आहे. माझ्या पायरीवर झोपतं.

तुमच्या वडिलांची गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितली होती. ते गावात दवंडी द्यायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी डफडं आडावर नेऊन फोडलं. म्हणाले, दुसऱ्याचा हुकूम आता ओरडून सांगायचा नाही. तुम्ही म्हणाला होतात, “माह्या बापानं हुकूम सांगनं सोडलं. मी हुकूम नाई सांगून राह्यलो, बाई. मी हक्क सांगून राह्यलो.” हे सांगताना तुम्ही थिनरनं हात पुसत होतात आणि मी एका अर्जावर तिकीट चिकटवत होते. मी नीट ऐकलंही नाही. आज ते एकेक शब्दानं आठवतं.

आता पळसटोला.

गावामागचं जंगल खाणीला द्यायची नोटीस निघाली होती. हरकत असेल त्यानं तीस दिवसांत लेखी द्यावी, असं होतं. ती नोटीस ग्रामपंचायतीच्या काचेच्या पेटीत लागली. पेटीला कुलूप, काचेवर आतून धूळ, आणि पळसटोल्यातून पंचायतीचं गाव चार मैल. मैनाबाईला कुणीतरी सांगितलं की पेटीत तुमच्या जंगलाचा कागद आहे. गावातली ती एकटी बाई ग्रामसभेत खुर्चीवर बसायची. तिनं सचिवाकडून त्याची झेरॉक्स आणवली आणि बसनं माझ्याकडे आणली. मी ती वाचली. वरच्या कोपऱ्यात पंचायतीत आल्याचा शिक्का होता. मी बोटांवर दिवस मोजले. तुम्ही शेजारी बसला होतात.

“बाई, कागदाच्या मांगं काई हाये का?”

“मागे गट क्रमांक असतात, भाऊ. नेहमीच असतात.”

“पाहून घेतलं असतं एकदा. ही झेरॉक्स त एकाच बाजूची हाये.”

“मी असे शंभर कागद पाहिलेत.”

एवढंच बोलणं झालं. तुम्ही गप्प झालात, कारण वाचायचं काम माझं होतं आणि लिहायचं तुमचं, असं आपलं ठरलेलं होतं. मागच्या बाजूला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मुदत वर्तमानपत्रात नोटीस छापून आली त्या दिवसापासून मोजायची होती. पेटीत लागली त्या दिवसापासून नाही. त्या वर्तमानपत्राची प्रत पळसटोल्यात कधीच आलेली नव्हती. कायद्याच्या लेखी मात्र गावाला ते सगळं त्याच दिवशी कळलं होतं.

तुम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर लिहिलंत. तिथले लोक तारखेनं चालत नाहीत, बाजारानं चालतात, म्हणून तुम्ही लिहिलंत: ‘हरकत द्यायचा शेवटचा दिवस: पोळ्याच्या आधीचा बुधवार, बाजाराचा.’ खाली गोंडीत एक ओळ, मैनाबाईनं सांगितलेली. त्याखाली तुमचं नाव. तीन माणसांनी उलट सांगितलं, तिन्ही वेळा बरोबर. आपण दोघं भिंतीसमोर उभे राहिलो आणि मला वाटलं, यासाठी शिकले. मैनाबाईनं आपल्याला मोहफुलाची भाजून कुटलेली पूड दिली होती, गूळ घालून. परत येताना तुम्ही ती सगळी खाल्लीत आणि मला म्हणालात, तुमाले पचनार नाई.

हरकती घेऊन ट्रॅक्टर निघाला तो मंगळवारी. बुधवार लिहिलाय, एक दिवस राखून जाऊ, असं गावानं ठरवलं. भर पावसात नाला ओलांडला, कागद प्लॅस्टिकमध्ये, अंगठे सगळे उठलेले. आपण दोघंही सोबत होतो. जिल्ह्याच्या कार्यालयात बाबूनं गठ्ठा उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, मुदत तर शुक्रवारीच संपली. मग त्यानं मूळ नोटीस काढली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली.

त्या क्षणी मी तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्हीही माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं मला कडेनं दिसलं.

पळसटोल्यात सभा बसली. गाव खूप शांतपणे बसलं होतं, ते आरडाओरडीपेक्षा वाईट होतं. एकानं विचारलं, बुधवार कोनं सांगितला? मी तोंड उघडणार होते. हे मी स्वतःला गेली कितीतरी वर्षं सांगत आले आहे, की मी तोंड उघडणारच होते. पण तुम्ही उभे राहिलात. म्हणालात, “भितीवर नाव माहं हाये. चूक माही.” मग एकेकानं तुम्हाला बोलून घेतलं. मैनाबाई फक्त तिच्या झाडांच्या दिशेला बघत बसली. सात मोहाची झाडं, ती नवी सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिला हात धरून दाखवलेली. बोलणी खाऊन तुम्ही खाली बसलात आणि माझ्या चपलेजवळची माती बोटानं सारखी करत राहिलात.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, असं का केलंत? तुम्ही म्हणालात, “तुमच्यावरचा भरोसा गेला त कागद वाचाले कोन राह्यते? पेंटर दुसरा भेटते.”

पेंटर दुसरा भेटला, भाऊ. सगळ्या तालुक्याला भेटला. तुम्ही काढायचात त्या कमळाची नक्कल करणारा एक जण मूल गावाहून येऊ लागला. तुमच्याकडून लग्नाची पट्टी करून घ्यायचं लोकांनी हळूहळू बंद केलं. तारीख चुकवणारा पेंटर. हसत हसत म्हणायचे, भाऊ, नाव तुमी टाका, तारीख आमी टाकून घेऊ. तुम्हीही हसायचात. मग हसणंही थांबलं आणि तुम्ही नुसती दारं-खिडक्या रंगवायला लागलात. अक्षर काढणाऱ्या हाताला दारं रंगवायला लावलं ते मी. विमलवहिनींनी एकदा माझ्यासमोर तुम्हाला टोमणा मारला होता, की एवढी वकीलबाई सोबत असून एक तारीख विचारून घेता आली नाही तुम्हाला. तुम्ही कपातला चहा बशीत ओतलात. मी निघते म्हणाले आणि निघाले.

हरकती मुदतीबाहेरच्या म्हणून फेटाळल्या गेल्या. त्यावरच्या अपिलात मी जिवाच्या आकांतानं भांडले, हे तरी तुम्ही मान्य कराल. मी म्हटलं, गावाला कळलंच नव्हतं. कुलपातल्या पेटीला जाहीर करणं म्हणत नाहीत. त्यावर समोरच्या वकिलानं एक फोटो दाखल केला. तुमची भिंत. सुंदर, टपोरी, दुरून वाचता येणारी. गावाला मुदत असल्याचं पूर्ण ठाऊक होतं, ही पाहा त्यांनी स्वतः लिहिलेली भिंत. अपील फेटाळलं गेलं.

आपलं खरं भांडण त्या दिवशी झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. कोर्टाबाहेरच्या टपरीवर मी तुम्हाला म्हटलं, भिंत लिहिलीच नसती तर बरं झालं असतं. निदान ‘माहीत नव्हतं’ असं म्हणता आलं असतं. अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगणं सुरक्षित असतं, म्हणून तर कार्यालयं गप्प बसतात. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात. मग म्हणालात, “मंग लोकायले अंधारात ठेवून जिंकाचं का, बाई?”

मी म्हटलं, हरण्यापेक्षा बरं.

“नाई,” तुम्ही म्हणालात. “हरलो ते सांगितल्यानं नाई हरलो. कमी सांगितलं म्हनून हरलो. आता एक काम करू. चूक कशी झाली ते त्याच भितीवर लिवू. मांगची बाजू पाह्यली नाई म्हनून लिवू. म्हनजे पुढचा मानूस कागद उलटून पाहीन. सरकार आपली चूक लिवत नाई. आपन त लिवू.”

मी नाही म्हटलं. कारणं दिली. अजून वरचं कोर्ट आहे, तिथं आपलीच कबुली आपल्या विरोधात जाईल. तुम्ही म्हणालात, मी थांबतो. वरच्या कोर्टातही हरलो. मग मी म्हटलं, आता लिहून काय उपयोग. तुम्ही तेव्हाही म्हणालात, मी थांबतो बाई. तुमचा आवाज इतका साधा होता की मला वाटलं, विषय संपला. तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. एकदा तरी शिवी द्यायची होतीत.

आपण आणखी भिंती लिहिल्या, कमी. मी प्रत्येक कागद आता चारदा उलटते. कोऱ्या पाठीसुद्धा उलटते, पक्षकार हसतात. तुम्हाला काम देत राहिले, कोर्टाची कपाटं रंगवून घेतली. मनात म्हणायचे, फेडते आहे. तुम्ही कपाटंही अशी रंगवलीत की कडेला एक थेंब ओघळलेला नाही.

विहारातल्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी मी वहिनींकडे गेले. त्या तुमचे ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धूत होत्या, कुणासाठी ते त्यांनाच माहीत. बोलता बोलता म्हणाल्या, “बाई, पळसटोल्यात तुमचं कोनतं काम चालू राह्यते?”

मी म्हटलं, माझं तिथं काही काम नाही, मी निकालानंतर तिकडे गेलेलीच नाही.

“मंग हे काऊन जात होते? दरवर्षी, दिवाळीच्या मांगून एक दिवस. डब्बा अन् दोन ब्रश घेऊन. अवंदा त धाप लागे तरी गेले. मी म्हनलं कायले जाता, त म्हने, बाईचं काम बाकी हाये.”

दुसऱ्या सकाळच्या बसनं मी पळसटोल्याला गेले. फाट्यावरून चालत. रस्ता आता रुंद आहे, गाड्यांसाठी केलेला. कडेच्या पळसांच्या पानांवर राखाडी थर. पूर्वी गाव दिसायच्या आधी जंगल दिसायचं, आता लांबूनच खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर दिसतो. त्याच्याखाली कुठंतरी बोडी होती, गावाचं लहानसं तळं, जिथं तुम्ही ब्रश धुतले म्हणून मैनाबाई ओरडली होती. निम्म्या घरांना कुलपं आहेत. पण समाजमंदिराची भिंत पांढरी होती. सगळ्या गावात तेवढीच.

अक्षरं ताजी होती, भाऊ. यंदाच्या दिवाळीची. ‘पोळ्याच्या आधीचा बुधवार’, जसाच्या तसा, चुकीचा. खाली तुमचं नाव, चूक दिसली तर मला सांगा. आणि दोन्हींच्या मध्ये, मी कधी न पाहिलेला, एक चौकोन. चारी बाजूंनी लाल रेघ, चांगला तीन हात रुंद. आत काही नाही. नुसता चुना, वर्षानुवर्षं थरावर थर दिलेला.

मैनाबाई काठी टेकत आली. खूप वाळली आहे. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं, मग माझ्याबरोबर भिंतीकडे बघत बसली.

“हा चौकोन कशाचा?”

“तुमचा हाये. पेंटर म्हने, वकीलबाई येतीन अन् लिवतीन. दरसाली चुना मारे. मी म्हनलं, तूच लिवून टाक ना बावा. त म्हने, माह्या हातचं नोहे ते.”

मी विचारलं, काय लिहायचं आहे ते तुम्हाला माहीत आहे का. 

“आमाले त पयल्याच दिसापासून मालूम हाये,” ती म्हणाली. “पेंटरले एवढा कागद वाचता येत होता का? कागद त तुमी वाचत होत्या. मीच नाई का आनला होता तुमच्यापाशी?”

“मग सभेत त्यांना का बोललात सगळे? मला का नाही?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तो कधीच सरून गेला असावा.

“ते उभे राह्यले म्हनून. जो उभा राह्यते त्यालेच बोलता येते, बाई. तुमी त बसून होत्या.”

मी रडले. विहारात रडले तसं नाही. मैनाबाईनं रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच केलं. मग मी रंग शोधायला उठले, तर गावात रंग कुठला. तिनं चुलीतला एक विझलेला कोळसा आणून दिला.

माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. ओळ वर चढत गेली. लिहिलं: ‘हा बुधवार चुकीचा होता. मुदत त्याआधीच्या शुक्रवारी संपली होती. ते कागदाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. मी मागची बाजू पाहिली नाही. पेंटरनं विचारलं होतं, तरी पाहिली नाही. कुणाचाही कागद आला तर उलटून बघा. करुणा वकील, गोंडपिपरी.’ चौकोन पुरला. तुम्ही मापानंच काढला होता. खालचं तुमचं नाव पुसू का, असं मी विचारलं. मैनाबाई म्हणाली, राहू द्या, भित त त्याहीचीच हाये.

कोळसा पावसात धुऊन जाईल. तोवर मी डबा आणि ब्रश घेऊन येईन, वहिनींनाही घेऊन येईन. त्यांना हे वाचून दाखवायचं आहे; तुम्ही गेल्यावर का होईना. झाडं परत येणार नाहीत, बोडी येणार नाही, आणि तुम्ही रंगवलेल्या त्या सगळ्या दारांऐवजी तुम्हाला पुन्हा कमळं काढता येणार नाहीत. याची भरपाई कुठल्याच कलमात नाही. हे लिहिलं म्हणून मी सुटले, असंही मला वाटत नाही.

मैनाबाईला वाचता येत नाही. ती म्हणाली, काय लिवलं ते सांगा. मी वाचून दाखवलं. तिनं थोडा वेळ मान खाली घातली, मग तिच्या शब्दांत उलट सांगितलं: “बुधवार खोटा होता. बाईनं कागद पलटून पाह्यला नाई. पेंटरनं म्हनलं होतं पाहा, तरी नाई पाह्यला. आता जो कोनी कागद आनन, त्यानं पलटवून पाहाचं.”

बरोबर सांगितलं तिनं, भाऊ. एक झालं. अजून दोघं बाकी आहेत.